ग्राफीनचे किट: चिप सांगते ते पुस्तिका सांगत नाही

गेल्या वर्षी एप्रिलमध्ये आमच्या महाविद्यालयाच्या भौतिकशास्त्र विभागाने एम.एस्सी.च्या प्रयोगशाळेसाठी ग्राफीनचे, म्हणजे ग्राफाइटच्या एका अणूइतक्या जाडीच्या सुट्या थराचे, एक प्रयोग-किट मागवले. कर आणि वाहतूक धरून ते ३८,५०० रुपयांना पडले. लातूर जिल्ह्यातल्या ग्रामीण महाविद्यालयासाठी ही रक्कम लहान नाही. तेवढ्यात दोन बरे ऑसिलोस्कोप आले असते, हे विभागाच्या बैठकीत ऐकूनही घ्यावे लागले. आता वर्ष उलटले आहे, तीन तुकड्यांनी ते हाताळले आहे, आणि मराठवाड्यातल्या इतर महाविद्यालयांतून "घ्यावे का?" अशी विचारणा होऊ लागली आहे. म्हणून हा अभिप्राय सविस्तर लिहितो. विक्रेत्याचे नाव मुद्दाम देत नाही, कारण माझी मुख्य तक्रार त्याच्या मालाविषयी नसून मालासोबत आलेल्या पुस्तिकेविषयी आहे, आणि अशाच मजकुराच्या पुस्तिका इतरांच्या किटमध्येही मी पाहिल्या आहेत.

किटमध्ये नैसर्गिक ग्राफाइटच्या चकचकीत पापुद्र्यांची एक डबी, निळ्या चिकटपट्टीचे एक रीळ, सिलिकॉनच्या सहा कोऱ्या चिप, चांदीची पेस्ट, चिमटा, आणि एकथरी ग्राफीन आधीच बसवून त्याला सोन्याची दोन टोके जोडलेल्या दोन तयार चिप असतात. प्रत्येक चिपवर सिलिकॉन डायऑक्साइडचा ३०० नॅनोमीटर जाडीचा थर आहे, आणि हा आकडा उगाच निवडलेला नाही: या जाडीवर प्रकाशाचे व्यतिकरण असे जुळून येते की एका अणूच्या जाडीचा कार्बनचा थरसुद्धा सूक्ष्मदर्शकाखाली फिकट जांभळ्या सावलीसारखा दिसतो. एरवी हा थर त्यावर पडलेल्या प्रकाशापैकी जेमतेम २.३ टक्के शोषतो, म्हणजे साध्या काचेवर तो शोधणे जवळपास अशक्य असते.

इथेच पहिली अडचण आली. "कोणताही सूक्ष्मदर्शक चालेल" असे पुस्तिकेत लिहिले आहे, आणि ते साफ चुकीचे आहे. आमच्या जीवशास्त्र विभागातल्या सूक्ष्मदर्शकात प्रकाश खालून येतो, सिलिकॉनची चिप मात्र अपारदर्शक असते, त्यामुळे पहिले दोन दिवस विद्यार्थ्यांना काळ्या चौकोनाखेरीज काहीही दिसले नाही. वरून प्रकाश टाकणारा, धातूंचे नमुने पाहण्याचा सूक्ष्मदर्शक लागतो; आमच्या शेजारच्या तंत्रनिकेतनात तो होता, म्हणून निभावले. ज्यांच्याकडे तशी सोय नाही त्यांनी कोऱ्या चिप आणि चिकटपट्टी यांच्या मोहात पडू नये. पट्टीने पापुद्रे सोलण्याची ही रीत २००४ साली मँचेस्टरमध्ये आंद्रे गाइम आणि कॉन्स्टँटिन नोव्होसेलॉव्ह यांनी वापरली आणि २०१० चे नोबेल त्यांना मिळाले, ही गोष्ट विद्यार्थ्यांना भुरळ पाडते खरी. पण आमच्या हाती दोन महिन्यांत जे एकदोन पातळ तुकडे आले ते वीस मायक्रॉनचेही नव्हते, आणि त्यांना हाताने तारा जोडणे कोणालाच जमले नाही.

किटची खरी किंमत वसूल झाली ती एका वेगळ्याच प्रयोगातून, जो पुस्तिकेत दिलेलाच नाही. सोलताना उरलेला, डोळ्यांनी सहज दिसणारा एक मिलिमीटरभर लांबीचा जाड पापुद्रा आम्ही एका कोऱ्या चिपवर बसवला, त्याच्या दोन टोकांना चांदीच्या पेस्टने बारीक तारा लावल्या, आणि चिपच्या पाठीला नऊ व्होल्टच्या सहा बॅटऱ्या एकापुढे एक जोडून शून्यापासून ५४ व्होल्टपर्यंत दाब दिला. मध्ये दहा लाख ओहमचा रोध ठेवला, कारण ऑक्साइडला छिद्र असले तर चिपसोबत मल्टिमीटरही जायचा. बॅटऱ्या वापरण्याचे दुसरे कारण आमच्याकडच्या वाचकांना सांगायला नको: वीज गेली तरी प्रयोग अडत नाही.

जाड पापुद्र्याचा रोध शून्य व्होल्टवर ३.१ ओहम होता, २७ वर ३.१ होता आणि ५४ वरही ३.१ च राहिला. आमचे प्रयोगशाळा परिचर, ज्यांना सगळे मामा म्हणतात, शेवटच्या बॅटरीची पिन लावून म्हणाले, "सर, ह्याला तर कायबी फरक पडंना." मग त्याच बॅटऱ्या एकथरी ग्राफीनच्या तयार चिपला जोडल्या. शून्यावर २.४ किलोओहम असलेला रोध चढत चढत २७ व्होल्टला ५.१ किलोओहमवर गेला, आणि दाब आणखी वाढवताच उतरू लागला. ५४ वर तो पुन्हा २.४ च्या जवळ आला. पदार्थ तोच, कार्बन तोच, बॅटऱ्या त्याच. फरक फक्त थरांच्या संख्येचा.

हा फरक म्हणजेच स्क्रीनिंग, अर्थात बाहेरून आलेल्या विद्युतभारापुढे इलेक्ट्रॉनांनी धरलेला आडोसा. ३०० नॅनोमीटरच्या ऑक्साइडमागे दिलेला प्रत्येक व्होल्ट दर चौरस सेंटिमीटरला सुमारे ७,२०० कोटी इलेक्ट्रॉन कार्बनमध्ये ओढून आणतो; ५४ व्होल्टला ही संख्या चार लाख कोटींच्या घरात जाते. ऐकायला ती प्रचंड वाटते, पण एका थरातल्या अणूंशी ताडून पाहिली तर हजार अणूंमागे एक इलेक्ट्रॉन एवढीच भर पडते. एकच थर असेल तर एवढी भर पुरते, कारण त्याच्याकडे स्वतःचे मोकळे इलेक्ट्रॉन मुळात थोडेच असतात. जाड पापुद्र्यात मात्र ही भर सगळ्यात खालच्या तीनचार थरांतच अडकून पडते. ग्राफाइटमध्ये दोन थरांतले अंतर ०.३३५ नॅनोमीटर असते, म्हणजे आमच्या अंदाजे एक मायक्रॉन जाडीच्या पापुद्र्यात सुमारे तीन हजार थर होते. त्यांतल्या दोन हजार नऊशे नव्वदहून अधिक थरांना खाली बॅटरी जोडली आहे याची गंधवार्ताही नव्हती, आणि प्रवाह बिनधोक त्यांच्यातून वाहत होता.

पुस्तिकेचे तिसरे प्रकरण नेमके याच विषयावर आहे, आणि तेच सर्वांत कच्चे आहे. "ग्राफीन हा तांब्यापेक्षाही उत्तम वाहक असल्यामुळे तो कोणताही विद्युतभार पूर्णपणे झाकून टाकतो", असे एक ठळक वाक्य त्यात चौकटीत छापले आहे. त्यात दोन चुका आहेत, आणि दोन्ही विद्यार्थ्यांच्या डोक्यात घट्ट बसतात.

पहिली चूक अशी की चांगला वाहक आणि चांगला आडोसा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. वहन उत्तम होण्यासाठी इलेक्ट्रॉन वेगवान आणि विनाअडथळा चालणारे असले की पुरते, थोडे असले तरी चालते. भार झाकण्यासाठी मात्र ते संख्येने पुरेसे असावे लागतात, आणि थोड्याशा ऊर्जेत जागा बदलायला मोकळे असावे लागतात. तांब्यात दर अणूमागे एक मोकळा इलेक्ट्रॉन असतो, म्हणून तिथे परक्या भाराचा प्रभाव नॅनोमीटरच्या विसाव्या भागात, म्हणजे दोन अणूंमधल्या अंतराच्याही आत, विरून जातो. ग्राफाइटमध्ये मोकळे वाहक साधारण दहा हजार अणूंमागे एक एवढेच असतात. म्हणूनच थरांच्या आरपार दिशेने हा आडोसा धरायला त्याला कुठे निम्मा नॅनोमीटर, तर काही मोजमापांनुसार १.२ नॅनोमीटरपर्यंत जागा लागते. धातूच्या तुलनेत हे अंतर मोठे आहे, पण पापुद्र्याच्या जाडीपुढे नगण्य आहे, आणि आमचा ३.१ ओहमचा आकडा या दोन्ही गोष्टी एकदम सांगतो.

दुसरी चूक अधिक खोल आहे. ग्राफीन पूर्णपणे शुद्ध आणि भाररहित असेल, तर ज्या ऊर्जेला त्याच्या इलेक्ट्रॉनांचे भरलेले आणि रिकामे ऊर्जापट्टे एकमेकांना टेकतात तिथे इलेक्ट्रॉनांना उपलब्ध असलेल्या अवस्थांची घनता शून्य होते. फिलिप वॉलेस यांनी १९४७ मध्येच हा हिशेब मांडला होता. झाकायला माणूसबळच नसेल तर आडोसा धरणार कोण? वर्गात मी यासाठी आमच्या भागातलेच उदाहरण देतो. गावात पाण्याचा टँकर शिरला की त्याच्याभोवती घागरींचा असा वेढा पडतो की चार घरे पलीकडून टँकर दिसतही नाही; धातूतल्या भाराचे असेच होते. पण दुष्काळी वर्षी दिवाळीनंतरच टँकर सुरू होतात, आणि तोवर निम्मे गाव ऊसतोडीला गेलेले असते. मागे राहिलेली म्हातारी माणसे आपापल्या दारापर्यंत येतात, थोडी टँकरच्या बाजूला झुकतात, इतकेच. टँकर वेशीवरूनही स्पष्ट दिसतो. शुद्ध ग्राफीन असे असते. त्यातले इलेक्ट्रॉन भाराकडे धावून गोळा होत नाहीत, जागच्या जागी थोडे सरकतात, आणि भार कमी झाल्यासारखा भासतो, पण नाहीसा होत नाही.

किती कमी भासतो, याचे साधे गणित विद्यार्थ्यांकडून फळ्यावर करून घेता येते, आणि पुस्तिकेने ते दिले असते तर तिच्या बाकीच्या उणिवा मी माफ केल्या असत्या. निर्वातात विद्युत बलाचे माप असलेला सूक्ष्म संरचना स्थिरांक १/१३७ आहे, आणि त्याच्या छेदात प्रकाशाचा वेग असतो. ग्राफीनमध्ये प्रकाशाच्या वेगाची जागा इलेक्ट्रॉनांचा वेग घेतो, आणि तो सुमारे तीनशेपट कमी, म्हणजे सेकंदाला दहा लाख मीटर असतो. तीनशे भागिले एकशे सदतीस केले की २.२ येतात. या आकड्याला पाय (π) या स्थिरांकाच्या निम्म्याने गुणून त्यात एक मिळवला की अधांतरी ताणलेल्या ग्राफीनसाठी ४.४ हे उत्तर मिळते, आणि त्याचा अर्थ असा की थरात ठेवलेला भार त्याच्या मूळ मूल्याच्या चौथ्या हिश्श्याहून थोडा कमी भासतो. लक्षात ठेवण्याची गोष्ट पुढे आहे: हे प्रमाण जवळून पाहिले तरी तेच आणि लांबून पाहिले तरी तेच राहते. धातूत भार अंतरासोबत झपाट्याने लपत जातो. इथे तो कुठेच लपत नाही, फक्त लहान होतो. इलेक्ट्रॉनांची आपापसातली ओढाताण पूर्णपणे धरली तर हा आकडा बदलतो, याची कल्पना विद्यार्थ्यांना द्यावी, पण त्या वाटेने एम.एस्सी.च्या पहिल्या वर्षी शिरू नये.

हा भार खरोखरच उघडा राहतो याचा पुरावा म्हणून मी अमेरिकेतल्या बर्कले विद्यापीठाच्या मायकेल क्रॉमी यांच्या गटाने २०१३ मध्ये प्रसिद्ध केलेला प्रयोग सांगतो. त्यांनी ग्राफीनवर कॅल्शियमच्या अणूंच्या जोड्या सूक्ष्म टोकाने एकेक करून जवळ ढकलल्या. काही जोड्या एकत्र येताच मधला भार इतका प्रबळ झाला की भोवतीच्या इलेक्ट्रॉनांच्या अवस्था त्यात कोसळल्यासारख्या दिसू लागल्या. अतिजड अणुकेंद्राबाबत असे भाकीत कित्येक दशकांपूर्वी झाले होते, पण त्यासाठी १७० च्या आसपास प्रोटॉन हवेत आणि असे स्थिर केंद्रक उपलब्धच नाही. ग्राफीनने चौकटीतल्या वाक्याप्रमाणे सगळा भार झाकून टाकला असता, तर या प्रयोगात काहीच दिसले नसते.

थरांच्या कार्बनमधल्या स्क्रीनिंगचा विचार ग्राफीनच्या शोधाने सुरू झाला असा समजही पुस्तिकेमुळे होतो. प्रत्यक्षात ग्राफाइटच्या थरांमध्ये परके अणू शिरवलेल्या संयुगांसाठी डेव्हिड डिव्हिन्सेन्झो आणि यूजीन मेले यांनी १९८४ मध्येच हे गणित मांडले होते, आणि इलेक्ट्रॉनांना वस्तुमान नसल्यासारखे धरण्याची आज सर्वत्र वापरली जाणारी रीत त्यांनी त्यात वापरली होती. मोबाइलच्या बॅटरीतला ग्राफाइट हे याच कुळातले उदाहरण आहे. चार्जिंग होताना लिथियम थरांमध्ये शिरतो, आपला इलेक्ट्रॉन कार्बनला देऊन स्वतः धनभारित होतो, आणि दोन्ही बाजूंचे थर त्याच्या भारावर आडोसा धरतात; सहा कार्बनमागे एक लिथियम इतका भरणा झाला की काळा ग्राफाइट सोनेरी होतो आणि थरांतले अंतर सुमारे दहा टक्क्यांनी वाढते. पुस्तिकेत या सोनेरी ग्राफाइटचे छायाचित्र आहे, पण खाली स्पष्टीकरणाची एक ओळही नाही.

आता तयार चिपविषयी, कारण तिच्यात आम्हांला न मागता मिळालेला एक धडा आहे. मे महिन्यात रोधाचे शिखर २७ व्होल्टला होते, हे वर आलेच आहे. शुद्ध ग्राफीनमध्ये ते शून्यावर हवे. ते उजवीकडे सरकलेले असणे म्हणजे थरात आधीपासून होल, अर्थात धनभारासारख्या वागणाऱ्या इलेक्ट्रॉनांच्या रिकाम्या जागा, साठलेले असणे, आणि ते हवेतला ऑक्सिजन व पाण्याची वाफ यांच्यामुळे साठतात. जुलैत, चार दिवस पाऊस लागून राहिल्यानंतर, तीच चिप मोजली तेव्हा शिखर ३६ व्होल्टवर गेले होते. आमच्या बॅटऱ्यांमुळे मोजमाप नऊ-नऊच्या टप्प्यांनीच होते, तेव्हा हा आकडा काटेकोर समजू नये. पण सरकण्याची दिशा प्रत्येक वेळी तीच आली. वरून पाण्याचे रेणू आणि खालून बॅटरी असे दोघेही एकाच थराशी बोलतात आणि थर दोघांनाही उत्तर देतो, कारण त्यांच्यामध्ये आडोसा धरणारे दुसरे कोणीच नसते. जाड पापुद्र्यात पाण्याचे म्हणणे वरच्या चार थरांपुरते राहते, बॅटरीचे खालच्या चार थरांपुरते, आणि मधल्या हजारो थरांमुळे दोघांची कधी गाठच पडत नाही. विद्यार्थ्यांनी हे वाक्य आपल्या शब्दांत जर्नलमध्ये लिहिले तर मी त्या प्रयोगाला पूर्ण गुण देतो.

शिखरावर रोध अनंत का होत नाही, हा प्रश्न प्रत्येक तुकडीत कोणीतरी विचारतेच. अवस्थांची घनता शून्य असेल तर प्रवाह थांबायला हवा, हा तर्क बरोबरच आहे. पण ऑक्साइडमध्ये अडकलेल्या भारांमुळे खऱ्या चिपवर कुठे इलेक्ट्रॉनांची तर कुठे होलांची डबकी साचलेली असतात, खोलीच्या तापमानाची उष्णताही थोडे वाहक पुरवते, आणि संपूर्ण थर एकाच वेळी कधीही कोरडा पडत नाही. म्हणजे वरचे ४.४ हे आदर्श थराचे गणित आहे, आमच्या चिपचे नव्हे. पुस्तिका हे सांगत नाही, आणि भरलेल्या आणि रिकाम्या पट्ट्यांमध्ये २५० मिलिइलेक्ट्रॉनव्होल्टपर्यंतची ऊर्जेची फट दोन थरांच्या ग्राफीनमध्ये विद्युत क्षेत्राने पाडता येते हे सांगताना, दोन थर एकमेकांना अंशतः झाकत असल्यामुळे ती फट साध्या हिशेबापेक्षा कमी भरते, हेही गाळते.

सेवेविषयी थोडक्यात. दोनपैकी एका तयार चिपचे ऑक्साइड मुळातच गळके होते. मागून दाब देताच प्रवाह थेट आरपार जात होता. छायाचित्र आणि मोजमापे पाठवल्यावर विक्रेत्याने वाद न घालता पाच आठवड्यांनी बदली चिप दिली, परतीचे कुरिअर मात्र आमच्या खर्चाने गेले. दुसरी चिप आमच्याच हातून गेली. पुढे कोरड्या हवेत टेरिकॉटचा शर्ट घातलेल्या एका विद्यार्थ्याने मनगटाला जमिनीची तार न बांधता चिमटा टेकवला, बारीकशी ठिणगी उडाली आणि सोन्याच्या दोन टोकांमधला थर जळून गेला. मनगटाचा पट्टा किटमध्ये नाही. तो दोनतीनशे रुपयांना वेगळा मिळतो आणि घ्यावाच. ऑक्टोबरात आसपास सोयाबीनची मळणी सुरू झाली की खिडक्या बंद ठेवूनही चिपवर धूळ बसते, तेव्हा झाकणाची काचेची डबीही आधीच घेऊन ठेवावी.

ज्या विभागाकडे वरून प्रकाश टाकणारा सूक्ष्मदर्शक नाही, त्याने पूर्ण किटऐवजी दोन तयार चिप आणि ग्राफाइटची एक डबी एवढेच मागावे. विचारल्यावर विक्रेता सुटे देतो, असे आम्हांला बदली चिपच्या वेळी कळले. आमच्या प्रतीतले तिसरे प्रकरण मी स्टेपल करून बंद केले आहे आणि त्यावर ३.१ आणि ५.१ हे दोन आकडे लिहून ठेवले आहेत.